बंदूक कोणाची, काडतूस कोणाचं

इंग्रजी अमदानीच्या अखेरच्या दशकांत बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातून पोलिसांसाठी आणि तुरुंगांवरच्या पहाऱ्यासाठी एक चमत्कारिक बंदूक बाहेर पडू लागली. दिसायला ती लष्कराची ली-एन्फील्ड रायफलच, तोच दस्ता आणि तोच खटका. पण नळीच्या आतल्या आट्या काढून नळी गुळगुळीत केलेली, आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन जिथे बसायचं त्या खोबणीत चक्क लाकडाचा ठोकळा ठोकलेला. शिपायाने एक काडतूस हाताने घालायचं, बार काढायचा, टरफल बाहेर टाकायचं आणि मग दुसरं घालायचं. काडतूससुद्धा मुद्दाम निराळं होतं. लष्कराच्या .३०३ काडतुसाची निमुळती मान काढून ते सरळ नळकांड्यासारखं केलेलं, त्यामुळे लष्करी गोळी या बंदुकीच्या कामाची नसे आणि बाजारात मिळणारं शिकारी काडतूस तिच्यात नीट बसत नसे. दंगलीत जमावाने पोलिसाच्या हातातून ही बंदूक हिसकावली, तरी आतला एक बार संपल्यावर तिची काठीच होणार होती. ज्याने ही बंदूक आखली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हत्यार माणसाच्या हाती द्यायचं आणि ताबा आपल्याकडे ठेवायचा, तर नळीपेक्षा ती खोबण अडवणं जास्त उपयोगाचं.

आज स्पर्धेत पिस्तूल चालवणारा खेळाडू याच खोबणीवर पैसे आणि डोकं खर्च करतो. प्रॅक्टिकल शूटिंग नावाच्या खेळात, ज्याची जागतिक संघटना १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली, धावता धावता अनेक लक्ष्यं टिपायची असतात आणि घड्याळ थांबत नाही. तिथे रिकामं मॅगझिन टाकून भरलेलं बसवायला लागणारा वेळ थेट गुणांतून जातो. म्हणून मुठीच्या तळाला नरसाळ्यासारखं पसरट तोंड लावतात. खेळाडू त्याला मॅगवेल म्हणतात. ॲल्युमिनियमचं हलकं पडतं, पितळेचं मुठीला वजन देऊन झटका शोषतं. पण नियम आडवे येतात. स्टँडर्ड गटात मॅगझिनसकट पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, म्हणजे मॅगझिनचा तळ वाढवून एखादी गोळी जास्त कोंबायची की ती उंची मॅगवेलच्या रुंद तोंडावर खर्चायची, असा हिशेब मांडावा लागतो. प्रॉडक्शन गटात सुरुवातीला मॅगझिनमध्ये पंधराच गोळ्या चालतात, तिथे लांब मॅगझिन घेऊन काही साधत नाही. ओपन गटात १७० मिलिमीटरपर्यंतचं लांबलचक मॅगझिन चालतं. हा सगळा काथ्याकूट वरवर हौशी लोकांचा वाटतो. माझं म्हणणं असं, की बंदुकीच्या इतिहासातला निर्णायक प्रश्न हाच आहे: दुसरी गोळी कुठून येते, किती वेळात येते आणि ती यायची की नाही हे कोण ठरवतं. खान्देशच्या गेल्या दोनशे वर्षांकडे या प्रश्नाच्या बाजूने पाहिलं, तर शौर्याच्या कथांत न दिसणारं बरंच काही दिसतं.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनीकडे गेला. त्या वर्षीच्या मोहिमेत मोठा वेळ खाल्ला तो मालेगावच्या किल्ल्याने. मालेगाव तेव्हा खान्देशातच मोडत असे. आत अरब शिबंदी होती. मे महिन्यात वेढा पडला, पहिला हल्ला फसला, आणि जूनमध्ये तोफगोळ्यांनी आतलं दारूकोठार उडालं, तटाचा एक भाग खंदकात कोसळला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत शिबंदी शरण आली. कवायती पलटणीला महिनाभर दाद न देणारी माणसं दारू उडाल्यावर टिकली नाहीत, यात त्यांच्या धैर्याला कमीपणा नाही. तोड्याच्या बंदुकीला मिनिटाला एक बार काढणंही कष्टाचं होतं: दारू ओता, गोळी सोडा, गजाने ठासा, कानात रंजक भरा, तोडा फुंकून पेटता ठेवा. अशा बंदुकीच्या मागे दारूचा साठा नसेल तर ती हातात असून नसल्यासारखी. किल्ल्याची ताकद तटाच्या रुंदीइतकीच त्याच्या पोटातल्या कोठारात होती, आणि ते कोठार एकाच जागी असल्याने एकाच गोळ्यात जाऊ शकत होतं.

भिल्लांचं तसं नव्हतं, आणि इथे माझ्या मुद्द्यावर पहिला आक्षेप येतो. भरण्याचा वेगच निर्णायक असेल तर सातपुड्यातला भिल्ल कधी हरायलाच नको होता. तीरकामठा घेतलेला माणूस एका मिनिटात जितके तीर सोडतो, तितके बार ठासणीची बंदूक घेतलेल्या कंपनीच्या शिपायाला जमत नव्हते. त्याची मजल दोन-तीनवर संपायची. शिवाय पावसाळ्यात बंदुकीची दारू सादळते. तीराला बांबू आणि बोरू, दोरीलाही बांबूचीच चिवट पट्टी, टोकाला गावच्या लोहाराने घडवलेलं पातं; सगळी रसद एका पाड्यात सुरू होऊन तिथेच संपणारी. ती तोडायची तर जंगल तोडावं लागलं असतं. आणि खरोखर, १८१८ ते १८२५ या सात वर्षांत कंपनीला बंदुकीच्या जोरावर भिल्ल आवरले नाहीत. धुळ्याला बसून कारभार हाकणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने डोंगराच्या वाटांवर चौक्या बसवून सपाटीवरून वर जाणारं धान्य अडवलं. म्हणजे तीर अडवता येत नाहीत हे ओळखून त्याने भाकरी अडवली. माझा मुद्दा याने पडत नाही, उलट रुंदावतो. भरण्याचा वेग म्हणजे नुसती हाताची चपळाई नव्हे, तर हातापासून कारखान्यापर्यंतची अख्खी साखळी. त्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधणारा जिंकतो. भिल्लाच्या साखळीत कामठा पक्का होता, धान्याची कडी कच्ची होती.

तरीही तेवढ्याने भागलं नाही, म्हणूनच १८२५ मध्ये मुंबई सरकारने धोरण बदललं. शेतीला जमिनी आणि तगाई, नाईकांना नेमणुका, आणि धरणगावला भिल्लांची स्वतंत्र पलटण. ती उभी करायला लेफ्टनंट जेम्स औट्रम आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच्या वाघांच्या शिकारी आणि भिल्लांबरोबरच्या बैठका यांवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं खरं असावं. पण त्या कौतुकात एक साधा बदल झाकला जातो. कामठ्याच्या जागी हाती बंदूक घेणारा भिल्ल त्याच दिवसापासून दारू, शिसं आणि गारगोटी यांसाठी सरकारी कोठाराशी बांधला गेला. कामठा मोडला तर त्याला बांबूच्या बेटापर्यंत जावं लागायचं, तोसदान रिकामं झालं तर धरणगावच्या लाइनीत. पलटणीची निष्ठा केवळ पगाराने आणि औट्रमच्या स्वभावाने आली असं मानणाऱ्यांनी या बांधिलकीचाही विचार करावा. निष्ठा मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही, पण परावलंबन मोजता येतं, आणि ते पट्ट्याला लावलेल्या त्या कातडी पिशवीत होतं.

१८५७ ने ही परीक्षा घेतली. काडतुसांवरून मीरतेला काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पण त्या गोष्टीतला धर्माचा भाग इतका ठळक आहे की यंत्राचा भाग मागे राहतो. एन्फील्ड रायफलचं ते काडतूस कागदाचं होतं: मोजलेली दारू आणि गोळी एका पुडीत, वरून चरबी. दाताने पुडी फाडण्याची सोय कशासाठी, तर भरण्याचे काही क्षण वाचावेत म्हणून. म्हणजे राज्याला हादरवणारा तो तपशील भरण्याच्या घाईतूनच जन्मला. खान्देशात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खाज्या नाईकाने सेंधव्याच्या घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. तो पूर्वी त्याच मुंबई-आग्रा रस्त्यावर सरकारचा राखणदार होता. पुढे एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला सरकारी फौजेशी समोरासमोर लढाई झाली. खडकांच्या आडून झालेल्या माऱ्यात सरकारी बाजूचेही बरेच पडले. शेवटी नाईकांची माणसं मोडली आणि पकडलेल्यांतल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की हातात पैसा असलेल्या बंडखोराला तेव्हा अजून दारूगोळा उभा करता येत होता. सोरा, गंधक आणि कोळसा बाजारात मिळत, शिसं मिळे, गोळ्या ओतणारे कारागीर गावोगाव होते. कागदाची पुडी वळायला कारखाना लागत नाही. म्हणूनच ते बंड काही महिने नव्हे, काही वर्षं धुमसलं.

ही सोय पुढच्या वीस वर्षांत संपली, आणि खान्देशच काय, साऱ्या हिंदुस्थानच्या बाबतीत मी हाच खरा सांधा मानतो. आधी सरकारने आपल्याच देशी शिपायांच्या बंदुकी बोथट केल्या. बंडानंतर त्यांना दिलेल्या १८५८ च्या नमुन्याच्या एन्फील्डमध्ये नळीच्या आट्या काढून टाकलेल्या होत्या. नंतर गोऱ्या पलटणींना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा देशी पलटणी ठासणीवरच राहिल्या. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा यांना स्नायडर. १८८८ नंतर गोऱ्यांना मॅगझिनची ली-मेटफर्ड आली तेव्हा यांच्याकडे एकेका गोळीची मार्टिनी. दर वेळी एक पिढी मागे. दर वेळचा फरक नळीच्या पल्ल्यात असेल-नसेल, भरण्याच्या वेगात नक्की होता. दुसरी गोष्ट त्याहून खोलवर गेली. स्नायडरबरोबर पितळी काडतूस आलं. त्याच्या बुडाशी असलेली ठिणगीची टोपी, पातळ पितळी पत्र्याची गुंडाळलेली नळी, हजारो नगांत सारखं माप, हे गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचं होतं. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. परवाने, झडत्या, गोऱ्यांना सूट, या कायद्याच्या अपमानकारक बाजूवर आपल्या पुढाऱ्यांनी पन्नास वर्षं टीका केली, ती रास्तच होती. पण कायद्याचं काम निम्मं आधीच होऊन गेलं होतं. ज्या बंदुकीचं काडतूस खडकीला किंवा बर्मिंगहॅमलाच बनतं, ती बंदूक शेतकऱ्याच्या घरात राहिली तरी तिची किल्ली सरकारजवळ होती. खान्देशात ठासणीच्या बंदुका पुढे कितीतरी वर्षं माळ्यावर टिकल्या, याचं कारण परंपरेचं प्रेम नव्हे. त्यांना काडतूस विकत आणावं लागत नव्हतं.

या मांडणीवर दुसरा आक्षेप १९४४ सालातून येतो. त्या वर्षी १४ एप्रिलला शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी गाडी क्रांतिकारकांनी अडवली आणि साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम नेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खान्देशातले डॉ. उत्तमराव पाटील यांची नावं या घटनेशी जोडलेली आहेत. काडतुसांचा पुरवठा पूर्णपणे शत्रूच्या हाती असताना हे जमलं, मग साखळीच्या तर्काचं काय? मला वाटतं चिमठाणे हा या तर्काचा उत्तम पुरावा आहे. बंदोबस्तात जाणारी गाडी भर रस्त्यात गाठायची, पहिल्या काही मिनिटांत पहारा निकामी करायचा आणि पांगायचं, हा बेत लांबणाऱ्या गोळीबाराला जागाच ठेवत नाही. माणसं थोडी आणि काडतुसं त्याहून थोडी असलेल्या गटाला असाच बेत परवडतो. उलट अंबापाणीला नाईक खडकांआड ठाण मांडून लढले, कारण त्यांच्या काळात ते अजून शक्य वाटत होतं. शहाऐंशी वर्षांत बंडखोरांचं धाडस कमी झालं नव्हतं. लढाईचा आकार बदलला होता, आणि तो पितळी काडतुसाने बदलला होता. कोणी म्हणेल की मोटार, तारायंत्र आणि शहरी संघटनेमुळे बदलला. तेही खरंच. पण मोटार पळून जायला लागते, आणि पळून जायची घाई का, याचं उत्तर पुन्हा कमरेच्या पट्ट्याशी येतं.

स्वातंत्र्यानंतर साखळीचं ते टोकच खान्देशात आलं. १९४९ मध्ये भुसावळला आयुधनिर्माणी सुरू झाली, आणि १९६४ मध्ये तिथून जवळच वरणगावला दुसरी. भुसावळला मुख्यतः पेट्या, डबे आणि पिंपं, म्हणजे दारूगोळा ज्यात भरून हलवायचा ते सगळं. वरणगावला छोट्या हत्यारांची काडतुसं. पुढे इन्सास रायफल आली तेव्हा तिचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस वरणगावने बनवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. जळगाव जिल्ह्यातल्या या दोन निर्माणींपैकी एकीत बंदूक बनत नाही, दुसरीतही बनत नाही. एकीत गोळी बनते आणि दुसरीत गोळीची पेटी. ‘आमच्याकडे बंदुकांचा कारखाना आहे’ असं भुसावळकर पाहुण्याला हौसेने सांगतात, त्यांना दुरुस्त करावंसं वाटत नाही, पण खरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जागेची निवड रेल्वेच्या जंक्शनमुळे आणि सरहद्दीपासूनच्या अंतरामुळे झाली, खान्देशच्या इतिहासामुळे नव्हे, हे उघड आहे. मीही त्यात विधिलिखित शोधत नाही. एवढंच, की १८२५ मध्ये ज्या मुलखाला गोळीसाठी सरकारी कोठाराचं तोंड पाहावं लागू लागलं, तिथेच आता देशाच्या कोठाराचा एक भाग भरला जातो.

या इन्सासनेच मॅगझिनचं महत्त्व नव्या पिढीला दाखवलं. तिचं वीस गोळ्यांचं मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं, आत किती उरल्या ते दिसावं म्हणून. कल्पना चांगली. कारगिलच्या थंडीत ते तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. नळी ठीक, काडतूस ठीक, आणि दोघांना जोडणारा स्वस्तातला डबा मोडका, अशी ती अवस्था. यंत्र म्हणून मॅगझिन फार साधं असतं: एक डबा, एक स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्यांना वर ढकलणारी एक पट्टी आणि गोळी सुटू नये म्हणून आत वळलेले दोन ओठ. इशापूरला बनणाऱ्या ९ मिलिमीटरच्या लष्करी पिस्तुलाचं तेरा गोळ्यांचं मॅगझिन ब्राउनिंगच्या जुन्या रचनेवर बेतलेलं. गोळ्या खाली दोन रांगांत तिरक्या बसतात आणि वर येताना एका रांगेत येतात. त्या वळणावर ओठ केसभर पसरले तरी गोळी तिरकी चढते आणि पिस्तूल अडतं. म्हणूनच स्पर्धक आपल्या मॅगझिनना क्रमांक घालतात, अडलेलं बाजूला काढतात आणि सराव व सामना यांसाठी वेगळी ठेवतात. पिस्तूल बदलण्याआधी मॅगझिन बदलून पाहा, असा अनुभवी नेमबाजांचा सल्ला असतो.

तिसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे आणि तो चोपडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून येतो. सातपुड्यातल्या उमर्टी गावातून येणारी गावठी पिस्तुलं जळगाव जिल्ह्यात पकडली गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. तिथल्या काही कारागिरांच्या हाताला मॅगझिनचं पिस्तूल घडवणंही जड जात नाही. मग कारखान्याची मक्तेदारी कुठे राहिली? अशा कोणत्याही बातमीत जप्तीचा तपशील वाचावा. एक गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं. तीन पिस्तुलं आणि पाच काडतुसं. मॅगझिन असतं, त्यात भरायला पुरेसं नसतं. पिस्तूल गावात घडतं, काडतूस कुठून तरी चोरून आणावं लागतं. म्हणून पोलिसांचा तपास हत्यारापाशी न थांबता काडतुसाच्या मागावर जातो. आक्षेप खरा आहे, पण तो मला हवं तेच सिद्ध करतो. सरकारी बाजूचं चित्रही फार वेगळं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर जे आलं त्यात एक कबुली होती की पोलिसांच्या क्विक रिस्पॉन्स टीमला काडतुसांच्या टंचाईमुळे कित्येक महिने गोळीबाराचा सरावच मिळाला नव्हता. रायफली होत्या.

राहिला खेळ. भारतात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. कोकणातलं मूळ, अहमदाबादची वकिली, गांधीवादी राजकारण, आणि हातात बंदुकीची संघटना. हा योग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. पण १८७८ च्या कायद्याचा डंख ज्या पिढीने सोसला, तिला नागरिकाच्या हातातलं शिस्तबद्ध हत्यार हा स्वराज्याचाच भाग वाटत असावा. ऑलिंपिकच्या नियमांत मात्र मॅगझिनची शर्यत नाही. २५ मीटर पिस्तुलात पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात, भरण्याच्या वेगाला गुण नसतात. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्यांना आठ, सहा आणि शेवटी चार सेकंद, पण पुन्हा भरताना सगळे थांबतात. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली ती याच पाच गोळ्यांच्या शिस्तीत. त्यामुळे आपल्याकडच्या खेळाडूला पसरट मॅगवेल घेऊन फार काही मिळत नाही. त्याचा पैसा मुठीच्या लाकडात आणि गोळ्यांत जावा हेच शहाणपणाचं. शिवाय ९ मिलिमीटरचं काडतूस आपल्या कायद्यात सामान्य नागरिकाला बंद आहे, आणि जगभरची प्रॅक्टिकल शूटिंगची बहुतेक पिस्तुलं त्याच मापाची. म्हणजे मॅगझिन किती लांब घ्यावं हा प्रश्न इथे पोचण्याआधीच काडतुसाने तो अडवलेला असतो. जे .२२ चं काडतूस चालतं, त्यातही सामन्याच्या दर्जाचं आपले नेमबाज परदेशातून मागवतात, इंग्लंडच्या एलीचं किंवा जर्मनीच्या आरडब्ल्यूएसचं. आयातीची परवानगी, वर्षाचा कोटा, परवान्यावरची नोंद, हे सगळं पार पडल्यावर ती डबी भुसावळ स्टेशनवरून जळगावच्या एखाद्या नेमबाजाच्या हाती येते. वरणगाव तिथून फार लांब नाही, पण तिथलं काडतूस सैन्याच्या मापाचं आहे आणि नेमबाजाच्या हाती येत नाही.